दबोराआजीच्या थेंबांची राखण

मी बोलतोय खरा, पण आवाज माझा नाही. तो जस्मिनचा आहे. माझं काम फक्त वाचायचं. एखादा टॅग, म्हणजे आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेला गोल पांढरा स्टिकर, माझ्यापासून दोन बोटांवर आला की त्याच्या पोटातला नंबर मी वाचतो. त्या नंबराला जे नाव दिलेलं असेल ते मग शेजारचा स्पीकर बोलतो. लोक मला आरएफआयडी रीडर म्हणतात. केडगावच्या या घरात मात्र मला 'डबा' म्हणतात, कारण माझा मुक्काम प्लॅस्टिकच्या जुन्या जेवणाच्या डब्यात आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या एका अरुंद दुकानाची. माझ्यासारखे पुष्कळ जण तिथे पिशव्यांत पडून होते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली जस्मिन तिथे आली आणि मला घेऊन गेली. माझे पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, तिनेच झाळले. पहिल्यांदाच हातात सोल्डरिंग गन धरलेली, त्यामुळे एक पाय कच्चा राहिला. तेव्हापासून कधी धक्का लागला की मला सगळं अंधारून येतं.

दौंडच्या कॉलेजात मी मुलांची हजेरी घ्यायचो. कार्ड दाखवलं की पडद्यावर नाव. तपासायला आलेल्या सरांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या आणि मी कपाटात गेलो. धूळ खात पडणं वाईट असतं, पण तिथे निदान भीती नव्हती. कुणाचं नाव चुकलं तर मुलं हसायची, एवढंच.

मग एक दिवस जस्मिन मला घाईघाईने घरी घेऊन आली. तिची दबोराआजी काचबिंदूने उजवा डोळा गमावून बसली होती. डाव्यात थोडा उजेड उरला होता. दार उघडं आहे की बंद, समोर माणूस आहे की खांब, इतपत. तो उजेड टिकावा म्हणून डॉक्टरांनी दिवसातून तीनदा थेंब दिले होते. एकही वेळ चुकवू नका, असं बजावलं होतं. त्यात आजीने एकदा कानातला मळ मऊ करायचे थेंब डोळ्याजवळ नेले होते. बाटल्या सारख्याच, बोटाएवढ्या. जस्मिनने वेळेवर हात धरला होता.

तिने प्रत्येक औषधाला टॅग चिकटवला आणि स्वतःच्या आवाजात नावं भरली. "आजी, हे डोळ्याचं औषध. डाव्या डोळ्यात एक थेंब. मग डोळा मिटून बस." आणि जाताना सांगितलं, "डबा बोलला तरच घ्यायचं. नाही बोलला तर बाटली खाली ठेवायची. कुणी काहीही सांगू दे."

जस्मिन शिरूरकडे, रांजणगावला कारखान्यात ट्रेनिंगला गेली. तिथेच खोली घेऊन राहू लागली. तिचे वडील टोनी रोज सकाळच्या गाडीने हडपसरला कामाला जायचे. दिवसभर घरात आजी आणि मी. मला तेव्हा एक गोष्ट कळली. औषधाची वेळ नसली तरी आजी उगाच एखादी बाटली माझ्याजवळ आणायची. जस्मिनचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, "बरं बाई, मिटते डोळा." मला भरून यायचं आणि धास्तीही वाटायची. एवढा विश्वास माझ्यावर, आणि माझा तर एक पाय कच्चा!

आता त्या दिवसाचं सांगतो.

डोळ्याची बाटली संपत आली होती. टोनींनी आदल्या संध्याकाळी मेडिकलमधून नवी आणली आणि कागदी पिशवीत तशीच ठेवली. सकाळी वीज गेलेली, गाडीची वेळ झालेली. त्यांनी जुन्या बाटलीतला शेवटचा थेंब आईला घातला, रिकाम्या बाटलीवरचा टॅग नखाने सोडवला आणि अंधुक उजेडात टेबलावर हाताला लागलेली बाटलीच नवी समजून तिच्यावर दाबून चिकटवला. त्या बाटलीवर आधीच एक गोल स्टिकर होता. तो दुकानाचा असेल असं त्यांना वाटलं. ती बाटली कानाच्या थेंबांची होती, आणि तो स्टिकर तिचा टॅग होता.

दुपारी, वीज आल्यावर, आजीने ती बाटली माझ्यापुढे धरली.

एका टॅगवर दुसरा टॅग चिकटला की दोघांच्या तारा एकमेकींना अडवतात. दोन माणसं कानात एकदम ओरडावीत आणि एकही शब्द कळू नये, तसं मला झालं. मी गप्प.

"आरं, बोल की," आजी म्हणाली. बाटली फिरवून धरली. मी गप्प. माझा पाय निसटला की काय, असं माझं मलाच वाटू लागलं. वेळ टळत होती. आजीने डोळ्यावर तळवा दाबून धरला, कारण डोळा ठणकायला लागला होता. तिने बटनाचा फोन उचलून टोनींना लावला.

"टोनी, डबा बोलंना झालाय."

"वायर हलली असंल त्याची. तू घाल थेंब. मीच सकाळी टॅग लावलाय."

"पर तो बोलंना, रं."

"आई, डबा हाय तो, डॉक्टर न्हाई. एक टाइम चुकला तर हाय तो उजेड बी जाईल. घाल म्हणतो ना!"

फोन बंद झाला. जस्मिनला लावला, तर वाजतच राहिला. कारखान्यात फोन बाहेर ठेवावा लागतो. शेजारची साखरबाई कांदा काढायला रानात गेली होती. घरात अक्षर वाचणारं कुणीच नव्हतं. आजीने झाकण फिरवलं. मान मागे टाकली. बाटली डोळ्यावर आली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडणार? मला तरी काय ठाऊक होतं?

तशीच ती थांबली. बाटली खाली ठेवून तिने चाचपत खोकल्याचं औषध शोधलं आणि माझ्याजवळ आणलं. स्पीकर लगेच बोलला, "आजी, हे खोकल्याचं. दोन चमचे." तिने बीपीच्या गोळ्या आणल्या. मी त्याही वाचल्या. पुन्हा ती छोटी बाटली आणली. मी गप्प.

"समद्यांचं सांगतो, आन् हिचंच न्हाई," ती हळूच म्हणाली. "न्हाई घालायचं. पोरीनं सांगितलंय." आणि तिने झाकण घट्ट लावलं.

पुढची दुपार मी विसरणार नाही. ओलं फडकं डोळ्यावर ठेवून आजी भिंतीला टेकून बसली होती. मधूनच ती हात डोळ्यांपुढे हलवून बघायची, दिसतोय का अजून. दर वेळी मला वाटायचं, या म्हातारीचा उजेड माझ्या गप्प बसण्यामुळे जाणार.

त्यात टोनींची गाडी रखडली. ते घरात शिरले तेच तणतणत. "घातलं न्हाईस ना? सांगून बी ऐकत न्हाईस!" त्यांनी बाटली उचलली आणि दिव्याखाली धरली.  खुर्चीत बसले. म्हणाले, "आई, हे कानाचं हाय."

त्यांनी पिशवीतून नवी बाटली काढली, तिच्यावरचं नाव दोनदा वाचलं आणि स्वतः थेंब घातला. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा डोळ्यात. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. आजीला दौंडला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. उजेड होता तेवढाच होता.

रविवारी जस्मिन आली. टोनी माझं कौतुक सांगत होते, "लई हुशार हाय तुझा डबा! चुकीचं औषध वळखलं त्यानं." जस्मिनने ती बाटली हातात घेतली, नखाने वरचा टॅग उचकटला, खालचा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, यानं काही ओळखलं नाही. दोन टॅग एकावर एक होते म्हणून वाचता आलं नाही. तुम्ही खालचा काढून टाकला असता ना, तर यानंच सांगितलं असतं, डोळ्याचं औषध आहे, एक थेंब टाक. माझ्या आवाजात."



"म्हंजी त्याला कळलंच न्हवतं?" आजीने विचारलं.

"नाही आजी. तू थांबलीस." जस्मिनने आजीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि रडली.

तिने खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं. कौतुक ऐकत असताना माझा जीव टांगणीला लागला होता. बाटलीच्या आतलं मला दिसत नाही हो! मला दिसतो फक्त स्टिकर. तो कुणी कुठेही चिकटवावा आणि मी खात्रीने तेच नाव सांगावं.

जस्मिनने माझा कच्चा पाय पुन्हा झाळला. नवी बाटली आली की टॅग लावण्याआधी उजेडात दोनदा नाव मोठ्याने वाचायचं, असं घरात ठरलं. टोनी आता कामाला जाण्याआधी सगळ्या बाटल्या खिडकीपाशी नेऊन एकेक नाव वाचून आईला ऐकवतात. कधी गाडी चुकते. मग पुढची पकडतात.

मी आहे तिथेच आहे, टेबलाच्या कडेला. आजी बाटली पुढे करते, मी नंबर वाचतो, जस्मिनचा आवाज येतो. ती मान मागे टाकते आणि थेंब पडेपर्यंत मी धास्तावलेलाच असतो. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्याकडून काम जरूर करून घ्या. पण तो बोलला म्हणून निर्धास्त होऊ नका. बाटली उजेडात धरा, आणि डोळे असलेल्या कुणीतरी ती एकदा वाचा.