डोलकाठीखालची देवी

रोमजवळच्या ओस्तिया बंदराच्या धक्क्यावर सकाळपासून नुसता कल्ला चालला होता. नव्या गलबताची डोलकाठी आज बसायची होती, आणि शुभशकुन म्हणून तिच्याखाली ठेवायचं नाणं वेत्तियाच्या मुठीत होतं. का नसेल? तिचा एकुलता एक मुलगा तुल्लुस याच गलबतावरून पहिल्यांदा समुद्रावर निघणार होता. नाणं काशाचं, एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला हातात सुकाणू धरलेली भाग्यदेवी फोर्तुना. देवी वर हवी, डोलकाठीकडे तोंड करून. वेत्तियाच्या नवऱ्याचं गलबत बुडालं तेव्हा सगळा धक्का म्हणाला होता, की नाणं उलटं पडलं असणार. ते बोलणं तिच्या काळजाला अजून टोचायचं.

तिने तळहातावरच्या देवीचा मुका घेतला, गलबताच्या तळातल्या, डोलकाठी बसायच्या खोबणीवर हात उपडा केला आणि मागे सरली.

"सोडा दोर!" मिस्त्री स्काएवा ओरडला. एवढी थोरली डोलकाठी करकरत खाली येऊ लागली.

आणि वेत्तियाच्या एकदम लक्षात आलं. हात उपडा केला म्हणजे देवीही उपडी! अगं बाई, सम्राट वर आला की!

"थांबा! थांबा मेल्यांनो, उलटं पडलंय!"

"मावशी, दोर हातातून निसटतोय! आता खुद्द जुपितर देव आला तरी ही थांबत नाही!"

"मग निसटू दे!" म्हणत तिने गुडघे टेकले आणि सरळ हात आत घातला.

"आई, वेड लागलंय का तुला? हात जाईल!" तुल्लुस किंचाळला.

तिने चाचपडत नाणं बोटांत फिरवलं, हात बाहेर ओढला, आणि डोलकाठी धप्पकन बसली. मग जो जल्लोष उठला म्हणता! स्काएवाने कपाळावर हात मारला. "बाई आहे का कोण! माझं अर्धं आयुष्य कमी केलंस, मावशी."

तुल्लुसने धावत येऊन तिचा हात उलटसुलट करून पाहिला. पाचही बोटं शाबूत होती, एक नख तेवढं काळंनिळं.

"आई, खरं सांग. देवीच वर आहे ना?" त्याने तिचा हात न सोडताच विचारलं.

"म्हणजे काय! सुकाणूसकट, लख्ख. या डोळ्यांनी पाहिलं मी. जा, बेलाशक जा."

पुढे गलबत निघालं तेव्हा तो शीळ घालत त्यावर चढला. वेत्तिया धक्क्यावरून हात हलवत राहिली. खोबणीत हात घालताना भीतीने तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि नाणं बोटांत एकदा फिरलं की दोनदा, हे त्या देवीलाच ठाऊक होतं.