साकळलेलं दूध

माझा भीमा जन्मला तेव्हा मला दूधच आलं नाही. थोरल्या जाऊबाईंनी, भागूअक्कांनी, स्वतःच्या पोरीबरोबर त्यालाही अंगावर पाजलं. त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळात, मिरजगावच्या रस्त्यावर खडी फोडून आल्यावर त्यांनी डाव्या छातीतली गाठ दाखवली, तेव्हा घरात एकच निदान झालं: दूध साकळलंय. दोन्ही लेकरं अंगावरून सुटून दोन वर्षं झाली होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

सासूबाईंनी माझी तान्ही पुष्पा त्या बाजूला लावायला सांगितली. लेकरानं ओढलं की साकळलेलं दूध मोकळं होतं म्हणे. पुष्पा तोंड फिरवून रडायची. मग हळदीचे लेप झाले, विटकरीचा शेक झाला, आणि वर्ष गेलं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला घाई नव्हती. खडी फोडताना बोट चेचलं असतं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

कातडी आत ओढली गेली, काखेतही गाठ आली, तेव्हा थोरल्या दिरांनी त्यांना नगरला आणि तिथून पुण्याला नेलं. छाती काढली, विजेचा शेक दिला. डॉक्टर म्हणाले, सुपारीएवढी होती तेव्हा आणली असती तर आशा होती. आता कॅन्सर हाडात उतरलाय.

परत आल्यावर अक्कांनी एक नेम धरला. पुण्याच्या नर्सनं दाखवलं होतं तसं, दर महिन्याला माझी पाळी संपली की मला न्हाणीत बसवून त्या माझी छाती काखेपर्यंत चाचपायच्या. मला लाज वाटायची, मी कुरकुरायचे. त्या ऐकायच्या नाहीत.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांना हात उचलेना. तरी मला जवळ बोलावलं. मी चोळी सोडून बाजेवर बसले आणि त्यांचाच हात धरून छातीवरून फिरवला. बोटांची नुसती हाडं राहिली होती.

"हाय का काय, मुक्ता?"

"न्हाई, अक्का."

"दुकत न्हाई म्हनून गप बसू नको. मी बसले."

पुढच्या महिन्यात न्हाणीत मी एकटीच होते. त्यांनी शिकवलं तशी बोटं फिरवली, काखेपर्यंत. काही लागलं नाही. मग तिथंच बसून खूप रडले.