किल्ल्यांच्या जुडग्यातली रॅमची पट्टी

मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. मित्रांनो, काम चालू असताना संगणकाला जे ध्यानात ठेवावं लागतं, ते मी ठेवायचे. आता मी किल्ल्यांच्या जुडग्यात लटकते आणि अपमान सोडून काहीच ध्यानात ठेवत नाही.

दुकानात मी साध्या पिशवीत पडून होते. शेजारी एका नामांकित कंपनीची पट्टी चकचकीत खोक्यात मिरवत होती. घरी बसून लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका बाईने मला निवडलं. "घ्या वहिनी, स्वस्त आहे म्हणून वाईट नाही," दुकानदार म्हणाला. तिचे जड जड फोटो मी वर्षानुवर्षं बिनतक्रार झेलले. "गुणाची गं माझी!" ती संगणकावर थाप मारून म्हणायची.

मग तिच्या नवऱ्याने त्याच नामांकित कंपनीची नवी पट्टी आणून माझ्या शेजारच्या खाचेत बसवली. कानामागून आली आणि तिखट झाली! त्याच दिवसापासून संगणक मधेच बंद पडू लागला.

"नवी तर कंपनीची आहे. हा तुझ्या त्या स्वस्त पट्टीचाच प्रताप," नवरा म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याने मला उपसलं, ड्रिलने आरपार भोक पाडलं आणि तिच्याच किल्ल्यांना अडकवलं. "घे, तुझ्या अकलेची आठवण." आल्यागेल्याला तो हे हसून दाखवायचा. तीही हसायची, आणि मला तिच्या हसण्याचा फार राग यायचा.

संगणक तरीही बंद पडतच राहिला. आता मी नव्हते, म्हणून दोष तिच्यावर आला. "तुला वापरताच येत नाही!" गिऱ्हाइकं तुटली. एकच उरलं, आणि त्याचा अल्बम दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, तेव्हा कुठे दुरुस्तीवाला बोलावला गेला.

त्याने तपासून सांगितलं, "दादा, ही नवीच खराब आहे. कंपनी बदलून देईल, पण आठवडा जाईल. तोवर जुनी लावतो. कुठंय ती?"

तिने किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या.

"अरेरे, हे कोणी केलं?"

"बघितलंत?" नवरा म्हणाला. "हिला एक वस्तू धड सांभाळता येत नाही."

मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते, भोक पाडण्याआधी एकदा तपासून तरी पाहा. शेवटचं गिऱ्हाईकही गेलं. ती खराब पट्टी कंपनीने माफी मागून बदलून दिली. आम्हा दोघींची माफी मागायला अजून कोणी आलेलं नाही.