दुसऱ्या खेपेचं उत्तर

आजवर सगळे माझ्यात बोलले, आज मी बोलतोय. मी डहाणूच्या जतीनभाईंच्या मंडप-साउंडच्या दुकानातला माईक. माझी जाळी एका अंगाला चेपलीय, मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलीय, पण आवाज अजून खणखणीत आहे. त्याचीच मला हल्ली धास्ती वाटते. एखाद्या पावसात भिजून कायमचा बसलो असतो तर बरं झालं असतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलं होतं म्हणे, पण ते खोकं जतीनभाईंच्या आईने, चंपाबेननी, पहिल्याच आठवड्यात भंगारात दिलं. तेव्हा मी डहाणूचाच. जतीनभाई घरी गुजराती बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हायवेवरच्या ट्रकवाल्याशी हिंदी. एका कप चहात तिन्ही भाषा आटोपतात. मीही तसाच वाढलो. नवरात्रात गुजराती गायलो, शाळांच्या कार्यक्रमांत मराठी भाषणं ठोकली. बोलणाऱ्याला वाटायचं, हा आपलाच. मलाही तसंच वाटायचं.

पाड्यावरची बोली मात्र मला जयश्रीने शिकवली. ती भेंडीपाड्याची, कासा गाव सोडून आत गेलं की तेव्हा जीप जिथे थांबायची तिथून अर्धा तास चालावं लागे. तलासरीला वसतिगृहात राहून ती बारावी झाली. आरोग्य शिबिर असलं की तिला बोलावणं यायचं. डॉक्टर मराठीत सांगत आणि ती मला हातात घेऊन तेच वारलीत सांगे. नुसतं तेच कुठलं! डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून प्या, की ही कुणाच्या चुलीवर, कुठल्या टोपात, किती वेळ, सगळं सांगून मोकळी. बाया हसत आणि ऐकतही. मला तिचा फार अभिमान होता.

मग दोन वर्षांपूर्वी भेंडीपाड्यावर ती बैठक झाली. एका कंपनीला गोदामं बांधायची होती, त्यांच्याकडे जाणारा रस्ता हवा होता आणि त्यासाठी पाड्याची जमीन हवी होती. साहेब लोक तीन गाड्यांतून आले. सकाळीच त्यातल्या मोठ्या साहेबांनी जयश्रीला सांगितलं होतं, "तुमच्यासारखी मुलगी आम्हाला कामावर कायमची हवी आहे." ती त्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस घालून आली होती.

साहेब मराठीत बोलले, तिने ते वारलीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही, खोटं काही सांगितलं नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" तिने तेही विचारलं.

कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या नजरा तुक्याकडे गेल्या. तुक्या म्हणजे पाड्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस, जयश्री त्याला आजा म्हणते. आता भेंडीपाड्याची एक रीत आहे. मुलगी मागायला कुणी येवो की जमीन, पहिल्या खेपेला उत्तर द्यायचं नाही. मागणाऱ्याला ताडी द्यायची, शिवेपर्यंत पोचवायचं. त्याला खरंच गरज असली तर तो पुन्हा येतो. दुसऱ्या खेपेला त्याला होय की नाही ते सांगायचं. बसल्या बैठकीत तोडून टाकणं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान.

तुक्या गप्प राहिला. त्याच्या बायकोने, बारकीने, साहेबांपुढे ताडीचा लोटा ठेवला. साहेब हसले आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "छान! हरकत नाही, लिहा."

त्या क्षणी जयश्रीने मला ओठांजवळ नेलं. तिचा श्वास माझ्या जाळीवर लागला. तिला ही रीत ठाऊक होती, आणि साहेबांना ती ठाऊक नाही हेही कळत होतं. पण वसतिगृहात असल्या रीती ऐकून मुली हसायच्या. त्या कडक कॉलरच्या लोकांपुढे पुन्हा ते सगळं काढायचं? शिवाय साहेब येतीलच की पुन्हा, असंही तिला वाटलं असेल. अंगठा माझ्या बटणावर आला आणि मी बंद झालो.

तुक्या साहेबांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. तिथे दोघांचा फोटो निघाला. तो फोटो फाइलीत लागलाय.

साहेब परत आले नाहीत. आधी लाल खुणा आल्या, साग-ताडांवर आणि घरांच्या कुडांवर. मग शाळेच्या भिंतीवर मराठीत छापलेला कागद आला. आणि परवा सकाळी जतीनभाईंच्या जीपवर भोंगा बांधून मला नेलं. शेजारी जयश्री बसली होती, तिच्या मांडीवर तोच कागद होता. महिनाअखेर घरं रिकामी करावीत, हे तिने वारलीत पुकारायचं होतं.

"बेन, जरा मोटेथी बोलजो," जतीनभाई सवयीने गुजरातीत म्हणाले, जरा मोठ्याने बोल म्हणून.

दुसऱ्या पाड्यांवर ती बोलली. नव्या रस्त्यासाठी पाडलेल्या कच्च्या वाटेने जीप थेट भेंडीपाड्यावर आली, तशी ती कागदाकडे नुसती बघत राहिली. एवढ्यात जीपचा आवाज ऐकून तुक्या धुतलेला सदरा चढवत बाहेर आला. मागे लोटा घेऊन बारकी.

"साहेब आला काय?"

"नाय, आजा."

"मंग उत्तर कोनाला सांगू? दोन वर्सं झाली, ठरवून ठेवलाय आमी."

जयश्रीला रडू फुटलं. "आजा, तुमी गप्प बसलात, ते त्यांनी हो म्हणून लिवलं. मना ठावं होतं. मी बोलले नाय."

तुक्याने हात पुढे केला. "आन तो इकडं."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला धरलं, कोयता धरावा तसं. "आमची जमीन आमी नाय देनार. आमी इथून नाय जानार."

भोंग्याने ते पार पलीकडच्या डोंगरापर्यंत नेलं. लोक दारात आले. मी इतकं मनापासून कधी बोललो नव्हतो. तुक्या थांबला. उत्तर दिलं की मागणाऱ्याने 'ऐकलं' म्हणायचं, हीही रीतच. त्याने मला उचललं आणि कानाशी धरलं.

मी काय ऐकवणार? मी इकडचं तिकडे नेतो, तिकडचं इकडे आणत नाही. खालच्या वळणावर रस्त्याचं मशीन माती ओढत होतं. त्याची घरघर तेवढी माझ्यात शिरली आणि भोंग्यातून पाड्यावर पसरली. म्हातारा ती कान देऊन ऐकत राहिला.

आता मी दुकानात पडून आहे. उद्याची ऑर्डर आलीय, भेंडीपाड्याचीच. जयश्रीने यायला नकार दिलाय, म्हणून कागद वाचायला दुसरा माणूस येणार आहे. त्याला फक्त मराठी येतं. तुमच्यापैकी कुणी आज या दुकानावरून जाणार असेल तर एवढं करा, माझी वायर कापून टाका. उद्या तो जे वाचेल ते मी खणखणीत बोलेन. मला नाही म्हणता येत नाही.