तुकडा नको

“भावोजी, तुम्ही या. पण गाडी सावकाश चालवा.”

मेहुणी एवढंच बोलली आणि त्याला कळलं. आतापर्यंत दवाखान्यातून तिचा फोन आला की ती ‘लवकर या’ म्हणायची. ‘सावकाश या’ असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. घाई करण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

तो ऑफिसच्या बैठकीत होता. नवं सॉफ्टवेअर बाजारात सोडण्याइतकं पिकलंय का, यावर चर्चा चालली होती आणि बोलायची पाळी त्याची होती. त्याने फोन खिशात ठेवला. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, “अजून कच्चं आहे.” मग खुर्ची मागे सारत म्हणाला, “मला निघायला हवं. बायको गेली.”

तो सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांनी बांधलेलं मोडून बघायचं आणि कुठे मोडलं ते नोंदवायचं, यात त्याचं आयुष्य गेलं होतं. हे नवं सॉफ्टवेअर एक्सएमएल फाइली वाचत असे. एक्सएमएलमध्ये मजकुराच्या प्रत्येक भागाला खूण बांधलेली असते: हे औषधाचं नाव, ही मात्रा, हा इशारा. त्या खुणा बघून सॉफ्टवेअर छपाईची पानं तयार करी. बायको औषधांच्या माहितीपुस्तिका छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखान्याने याच सॉफ्टवेअरची बीटा, म्हणजे चाचणीपुरती आवृत्ती, वापरायला घेतली होती. त्यामुळे जेवताना रोज खटका उडायचा.

“अहो, तुमचं बाळ वाक्यं खातं.”

“कुठलं खाल्लं?”

“‘मूत्रपिंडाचा आजार असल्यास घेऊ नये.’ हे गिळलं. पुढचं ‘जेवणानंतर एक गोळी घ्यावी’ तेवढं ठेवलं. वर साळसूदपणे सांगतं, काम यशस्वी!”

“रीतसर नोंदव. घरगुती तक्रारी आम्ही घेत नाही.”

“नोंदवते. आणि ते ‘थांबवा’चं बटणही नोंदवते. मुंगीएवढं आहे मेलं. चष्मा लावूनही सापडत नाही.”

तिने दोन्ही गोष्टी बोलली तशाच, ‘मेलं’सकट, एकाच नोंदीत लिहिल्या. मग ती आजारी पडली, आणि घरात सॉफ्टवेअरचं नाव कुणी काढलं नाही.

कामावर परतला त्या दिवशी सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते. त्याने संगणक लावला आणि आधी तिची नोंद उघडली. खाली शेरा होता: ‘पुन्हा घडत नाही. बंद.’

“हे कुणी बंद केलं?”

शेजारचा प्रोग्रामर उठून उभा राहिला. त्याच्या उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणत. “मी, काका. वाईट वाटून घेऊ नका. तो परिच्छेद वेगळा काढून दहा वेळा चालवला. एक अक्षर हललं नाही.”

“वेगळा काढून?”

“तुम्हीच शिकवलंय ना. चूक सापडली की लहानात लहान तुकडा काढायचा.”

खरं होतं. ही शिस्त त्यानेच सगळ्यांना लावली होती. बायकोलाही लावायला गेला होता. ती म्हणाली होती, “तुकडा नको. सगळी पुस्तिका घ्या. मागचं-पुढचं वाचल्याशिवाय मी चूक धरत नाही.” तेव्हा तो हसला होता.

“तिने पाठवलेली पूर्ण फाइल आहे?”

“असेल. पण काका, जाडजूड आहे.”

“असू दे. लाव.”

फाइल पडद्यावरून धावली. काम यशस्वी. त्याने पान काढून बोट ठेवलं. जेवणानंतर एक गोळी घ्यावी. वरचा इशारा नव्हता.

लांब्याने मान खाजवली. “योगायोग असेल.”

त्याने कळफलक पुढे ओढला. फाइलच्या अगदी सुरुवातीला चार फालतू शब्द घातले आणि पुन्हा चालवली. मूत्रपिंडाचा इशारा परत आला. पुढच्या पानावरचं दुसरंच एक वाक्य अर्धं झालं.

“थांबा, थांबा,” लांब्या खाली बसला. “मजकूर आपण एका दमात वाचत नाही. बादलीबादलीने घेतो. परिच्छेद दोन बादल्यांत विभागला गेला, तर दुसरीतलं ठेवतो आणि पहिलीतलं…”

“ओतून देतो.”

“आणि छोटा तुकडा एकाच बादलीत मावतो. म्हणून माझ्याकडे घडलंच नाही. आई गं!”

दोघं मॅडमकडे गेले. या कामाच्या त्याच प्रमुख होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

“ग्राहकांना तारीख दिलीय हो. आणि बिनचूक सॉफ्टवेअर जगात कुठे असतं?”

“कुठेच नसतं. हे अडखळून ओरडलं असतं, तरी मी बीटा म्हणून चालवून घेतलं असतं. हे खातं आणि ढेकरही देत नाही. उरलेलं वाक्य वाचायला पुरं वाटतं. कुणाला संशय येणार?”

“तुमच्या मिसेसना आला.”

“ती आता नाही.”

मॅडमनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, “तुम्ही सध्या… म्हणजे, दुसऱ्या कुणाला पडताळायला सांगू का?”

“सांगा. मी दुःखात आहे, पण फाइल दुःखात नाही. कुणीही चालवा, तसंच घडेल. आणि हे बाहेर सोडणार असाल, तर तयार असल्याच्या शेऱ्याखाली माझं नाव घालू नका.”

मॅडमनी स्वतः फाइल चालवली. मग तारीख पुढे ढकलली. वरून बोलणी खाल्ली, त्याला मात्र त्यातलं काही सांगितलं नाही.

लांब्याने दुरुस्ती करून तपासायला त्याच्याकडे दिली. त्याने छापखान्याच्या साऱ्या पुस्तिका मागवून पूर्णच्या पूर्ण चालवल्या, आणि मुद्रितं वाचावीत तशा ओळीवर बोट ठेवून वाचल्या. असं वाचायची त्याला सवय नव्हती. मान अवघडली. बायको बोट कसं फिरवायची, ते आठवून तो पुढे जात राहिला. एकही इशारा गळला नव्हता. शेवटी बैठकीत तो म्हणाला, “आता पिकलंय,” आणि तिची नोंद बंद करायला घेतली.

“काका, खाली एक ओळ राहिलीय. बटणाची,” लांब्या म्हणाला.

“ते पुढच्या आवृत्तीत बघू,” मॅडम म्हणाल्या. “त्याने काही अडत नाही.”

त्याने वाद घातला नाही. ती ओळ उचलून वेगळी नोंद केली, जशीच्या तशी. फक्त ‘मेलं’ तेवढं काढलं. मग पुन्हा घातलं.

सॉफ्टवेअर बाजारात गेलं. लोक वापरतात. बटण अजून तेवढंच आहे. ते मोठं करायचं राहिलंय.