शेळीच्या दाव्यानं बांधलेली गाडी

नेकनूरच्या बाजारात सुकन्याच्या शेळ्या विकल्या गेल्या त्याच दिवशी तिच्या थोरल्या चुलत्यानं, तात्याबानं, मनातल्या मनात एक जावई ठरवून टाकला. जावयाला अजून नाव नव्हतं, गाव नव्हतं, तोंड तर नव्हतंच. पण तो अंगापिंडानं भरलेला असणार आणि त्याला साडेतीनशे सीसीची धडधडणारी गाडी लागणार, एवढं तात्याबाच्या डोक्यात पक्कं होतं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

खरं तर शेळ्या सुकन्याच्या नावाच्या. तिच्या बारशाला नाथामामानं एक पाठ, शेळीचं मादी पिल्लू, आणून पाळण्याच्या पायाला बांधली होती आणि त्या पाठीच्या डाव्या कानाला खाच मारली होती. त्या पाठीची जेवढी पिलावळ होईल तेवढी खाच मारून पोरीची, अशी त्यांच्यातली रीत. रीत मोठी गोड, पण तिच्या पोटात खडा होता. शेळ्या पोरीच्या, लेंड्या झाडायच्या पोरीनं, लांडग्याच्या मागं दगड घेऊन पळायचं पोरीनं. आणि विकल्या की पैसा जायचा घरातल्या थोरल्याच्या बंडीत, पोरीच्या लग्नासाठी म्हणून. या खड्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

सुकन्याला पैसा लग्नासाठी नको होता. उन्हाळ्यात तिची पशुसखी म्हणून निवड झाली होती. डोंगराकडच्या वस्त्यांवर जाऊन शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, अडलेल्या शेळीला सोडवायचं. काम तिच्या रक्तातलंच होतं. पण त्या वस्त्यांना एसटी जात नाही, आणि पायी गेलं की पुढची वस्ती येईपर्यंत लशीच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी होऊन लस वाया जाते. तालुक्याच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "गाडीची सोय कर, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." मग सुकन्यानं मैत्रिणीच्या, मनीषाच्या, भावाची मोटारसायकल मागून घेतली, कोरड्या तळ्यात गुडघे फोडून घेत गिअर शिकली आणि पक्कं लायसन काढून आणलं. कुणी म्हणालं, पोरीच्या जातीला स्कूटी बरी. तिनं स्कूटीही चालवून पाहिली. बारक्या चाकांनी दगडगोट्यांच्या वाटेवर अशी काही आदळआपट केली, की डब्यातल्या बाटल्या वाचल्या हेच नशीब.

गाडी घ्यायला निघताना तिच्या आईनं, साखराबाईनं, खुंटीवरचं दावं काढून तिच्या पिशवीत कोंबलं. जनावर विकलं तरी दावं कुणी देत नाही. दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. शेळ्या गेल्या, हे तेवढं मागं राहिलं होतं.

"त्रिंबकच्या आड्ड्यावर चाललीस ना? मग आसू दे," आई म्हणाली. "त्याला दावं लागतं."

त्रिंबक पूर्वी बैलांचा व्यापारी. बैल कमी झाले तसा त्यानं बाजारतळाशेजारी, त्याच लिंबाखाली, जुन्या मोटारसायकलींचा धंदा मांडला. गाड्या दावणीला बांधाव्यात तशा ओळीत उभ्या, आणि धंद्याचे नियम सगळे बैलबाजाराचे. सौदा तोंडानं नाही, उपरण्याखाली बोटं दाबून. इसार घेतला तरी घेणाऱ्यानं घरून आणलेलं दावं गाडीच्या हँडलला बांधल्याशिवाय सौदा पुरा नाही. नवी पोरं हसायची. त्रिंबक म्हणायचा, "हसा बे. पर दावं आना."

तात्याबा पुढं, त्यामागं सुकन्याचे वडील आसाराम, आणि शेवटी बर्फाचा डबा काखेत मारून आणि मागून आणलेलं हेल्मेट हातात घेऊन सुकन्या, अशी वरात आड्ड्यावर पोचली. आसाराम थोरल्या भावापुढं कधी बोललेला माणूस नव्हे. भाऊ बोलला की हा जमिनीकडं बघायचा.

तात्याबा तडक साडेतीनशेच्या गाडीपाशी गेला. काळी, चकचकीत, टाकीवर हात ठेवला तर तोंड दिसावं.

"हिला म्हनतेत गाडी! दारात हुबी ऱ्हायली की पावना इचारतो, कुनाची हाय म्हून."

"तात्या, गाडी मला चालवायचीय," सुकन्या म्हणाली.

"चालीव की. लग्नापोतर चालीव, कोन न्हाई म्हनतं? पुढं जावयाला द्यावीच लागती. मग आत्ताच चांगली कावून घेऊ न्हाई?"

सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण भांडायच्या आधी गाडी बघावी, एवढा पोच तिला होता. ती बसली. बोटांच्या टोकांवर कसाबसा तोल राहिला, टाचा हवेत. नाकापेक्षा मोती जड. मग तिनं त्रिंबकला विचारलं, "मामा, आडवी पाडून बघू का?"

"पाडून?"

"पाडून उचलायचीय."

साखराबाईचा एक नियम होता. गवताचा जो भारा आपला आपल्याला डोक्यावर घेता येत नाही, तो माळावर बांधायचाच नाही, कारण माळावर हात लावायला कुणी नसतं. सुकन्याला डोंगराकडच्या वाटा ठाऊक होत्या. गाडी तिथं पडणार, हे नक्की. पडल्यावर कोण उचलणार, एवढाच प्रश्न.

त्रिंबकनं मान हलवून खाली जुनं पोतं टाकलं. सुकन्यानं काळी गाडी कलती केली, आणि ती जी हातातून सुटली ती धप्पकन पोत्यावर. सुकन्यानं सीटला पाठ लावली, पाय रोवले, जोर केला. गाडी हलली, वर आली, पुन्हा बसली. दुसऱ्यांदाही तेच. चहाच्या टपरीवरली माणसं पेले हातात घेऊन जवळ आली. शेवटी त्यांच्यातल्या चौघांनी ती उभी केली.

तात्याबा खदखदून हसला. "झालं? आता तूच सांग, ही बाईमान्साची हाय का? जावयाचीच हाय ही!"

सुकन्याचं तोंड लाल झालं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. ती ओळीच्या शेवटाकडं गेली. तिथं शंभर सीसीची एक लाल गाडी होती, रंग उडालेला, आरशाला तडा. ती बसली आणि दोन्ही टाचा मातीला टेकल्या. लशीचा डबा मागच्या कॅरिअरवर ठेवला, नेमका बसला. मग डबा उतरवून, पोतं ओढून घेऊन गाडी त्यावर आडवी केली, पाठ लावली, दात आवळले आणि उचलली. गाडी उभी राहिली. पुन्हा पाडली, पुन्हा उचलली.

"ही," ती म्हणाली आणि मागं वळली.

तिकडं तात्याबाचा आणि त्रिंबकचा हात उपरण्याखाली गेलेला होता. बोटं दाबून झाली, उपरणं निघालं आणि तात्याबानं बंडीतून इसार काढून त्रिंबकच्या हातावर ठेवला. काळ्या गाडीचा.

"आना दावं," त्रिंबक म्हणाला.

तात्याबाचा हात खांद्याकडं गेला, कमरेला गेला आणि तसाच राहिला. आयुष्य बाजारात काढलेला माणूस. बैल घ्यायला निघाला असता तर दाव्याशिवाय उंबरा ओलांडला नसता. पण आज गाडी घ्यायची म्हणून ऐटीत धोतर नेसून निघाला होता आणि दावं विसरला होता.

"गाडीला कशाचं दावं बे?" तो कुरकुरला. मग सुकन्याच्या पिशवीतून डोकावणारं टोक त्याला दिसलं. "ए सुकन्ये, आन ते हिकडं."

सुकन्यानं दावं बाहेर काढलं. दोन्ही अंगाला उभ्या असलेल्या माणसांसमोर ती लाल गाडीपाशी गेली आणि हँडलला घट्ट गाठ मारली. शेळीला मारायची तीच गाठ.

"काय करतीस?"

"मपल्या जनावराला बांधतीय."

"सोड म्हनलं ते! दे हिकडं!"

"दावं देत नसतेत, तात्या. शेळी इकली तरी देत नसतेत. तुमीच शिकिवलंय."

"आन पैसा? पैसा कुनाच्या बंडीत हाय?" तात्याबानं छातीवर थाप मारली.

"बंडी तुमची. पैसा मपला. पाच वस्त्यांवरच्या शेळ्या माही वाट बघतेत, आन तुमी ज्याची वाट बघता तो आजून जल्मलाय का न्हाई कुनाला म्हाईत!"

टपरीवर खसखस पिकली. तात्याबानं हात उगारला. पण चारचौघांत तो तसाच वर राहिला. त्रिंबक मध्ये आला. इसार तळहातावर तसाच उघडा धरून त्यानं विचारलं, "एकाचा इसार, दुसऱ्याचं दावं. आसं मह्या बापजन्मात झालं न्हाई. आता एकच सांगा. ज्या शेळ्या इकल्या, त्या कुनाच्या व्हत्या?"

"घरच्या!" तात्याबा गरजला.

त्रिंबकनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तो आसारामकडं बघत होता. आसाराम जमिनीकडं बघत होता. सुकन्याला वाटलं, झालं, संपलं. आबा काही बोलायचे नाहीत, कधी बोललेत? तिचा हात दाव्याच्या गाठीवर होता, आणि कुणी काही म्हणो, ती हात काढणार नव्हती.

"कानाला खाच व्हती," आसाराम म्हणाला. आवाज इतका हळू, की त्यालाच खोकून पुन्हा म्हणावं लागलं. मग त्यानं मान वर केली आणि थेट भावाकडं पाहिलं. "डाव्या कानाला खाच व्हती, दादा. समद्या पोरीच्या व्हत्या."

त्रिंबकनं इसार मुठीत बंद केला, ओळीच्या शेवटाकडं चालत गेला आणि लाल गाडीची किल्ली सुकन्याच्या हातात दिली. उरलेल्या पैशासाठी तात्याबाला बंडीचा खिसा उघडावा लागला. एवढ्या माणसांसमोर दुसरं काय करणार?

गाडी सुरू झाली आणि पहिल्याच झटक्यात बंद पडली. क्लच लवकर सुटला होता. टपरीवरून कुणीतरी शिट्टी मारली. सुकन्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला, शिट्टीच्या दिशेनं एकदा रोखून पाहिलं आणि पुन्हा किक मारली. पुन्हा बंद. आसाराम डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर येऊन बसला होता. त्याला उतरायची घाई दिसत नव्हती.

तिसऱ्यांदा गाडी हलली.

"आगं ए!" तात्याबा रस्त्यापर्यंत धावत आला. उपरणं एका खांद्यावरून लोंबत होतं. "उद्या जावई आला तर त्याला काय देशील गं?"

"मागली सीट!" सुकन्या ओरडली आणि तिनं दुसरा गिअर टाकला.