जपानी बाईची टोपली

सिनेमा संपला, दिवे लागले आणि कृष्णराज सर म्हणाले, "शून्य. संपूर्ण शून्य. माणसाच्या असण्यातला पोकळपणा या बाईनं नुसत्या चेहऱ्यानं दाखवला."

धाराशिवच्या कॉलेजातल्या फिल्म क्लबात त्या दिवशी जुना जपानी सिनेमा होता, काळा-पांढरा. डोंगरातल्या खेड्यातली एक शेतकरीण, तिचं तान्हं बाळ मरतं. तिकडं थंडीत बाळाला गवताच्या खोल टोपलीत बसवतात. ती बाई त्या रिकाम्या टोपलीवर हात ठेवून बसते. बाहेर बर्फ पडत राहतो, कॅमेरा हलत नाही, ती बोलत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आणि माझे मिस्टर बालाजी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक, त्यामुळं बालाजींची मान सगळ्यांत जास्त डोलली.

माझ्या मांडीवर समृद्धी झोपली होती. अजून वर्षाचीही नाही. अंधारात मी सवयीनं तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. तरी मला दिसलं ते या शहाण्यांना दिसलं नव्हतं.

"सर, तिनं दुसरा हात छातीवर दाबून धरलाय," मी म्हणाले.

"बरं, मग?"

"दूध येतंय तिला. बाळ गेलं म्हणून दूध थांबत नाही. ती रिकामी नाही सर, भरलेली आहे. घ्यायला कुणी नाही, एवढंच."

मागं कुणीतरी खाकरलं. बालाजींनी माझं कोपर दाबलं. सर हसले. "वहिनी, हे जरा शारीरिक झालं. आपण अस्तित्वाबद्दल बोलतोय."

जसं काही अस्तित्व शरीर सोडून दुसरीकडं भाड्यानं राहतं!

पण निघताना त्यांनीच विचारलं. त्याच धर्तीवर त्यांना छोटी फिल्म करायची होती, आपल्या मातीतली. "युवक महोत्सवात तुम्ही नाटकात असायचात म्हणे. करता का आईचं काम?" मी लगेच हो म्हणाले. लग्नानंतर तोंडाला रंग लागला नव्हता. आणि त्या बाईचा तो हात मला करून दाखवायचा होता, यांच्या डोळ्यांत बोट घालून.

रविवारी सर कॅमेरा घेऊन आमच्या गावी, तेरला, घरी आले. टोपलीच्या जागी त्यांनी पाळणा योजला होता. आमचाच, समृद्धीचा.

"काही करायचं नाही. चेहरा कोरा ठेवायचा आणि रिकामा पाळणा हलवायचा."

"रिकामा पाळणा हलवत नसत्यात, मास्तर," सासूबाई दारातून म्हणाल्या. "लेकराला चांगलं नसतंय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "वहिनी, तुम्ही तर बी.एस्सी. ना?"

"काही होत नसेल सर. पण ते माझ्या पोरीवर कशाला करून बघायचं?"

बालाजी म्हणाले, "अगं, सर एवढ्या लांबनं आलेत."

तोड सासूबाईंनीच काढली. बारशाला लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, कुंची घालून. त्यांनी आमचा वरवंटा जुन्या लुगड्यात गुंडाळला, पाळण्यात ठेवला, वर गोधडी टाकली. "हलीव आता. आता त्यो रिकामा न्हाय." कॅमेऱ्यात तर गोधडीच दिसणार होती. सर म्हणाले, "ठीक आहे. पण झोका जड वाटतो. शून्य हलकं असतं." तरी तालीम तशीच झाली.

मग समृद्धी रडली. मी तिला आत नेऊन पाजलं, अंगणात सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि परत येऊन बसले. बालाजी उजेडासाठी थर्माकोल धरून उभे होते. "अ‍ॅक्शन," सर म्हणाले. मी एक हात छातीवर दाबला, दुसऱ्यानं दोरी ओढली.

पाळणा उडाला.

हाताला आधी कळलं. मी गोधडी उचकटली. खाली नुसतं लाकूड. वरवंटा सरांच्या बॅगेशेजारी भुईवर पडला होता.

मी दोन्ही हातांनी पाळणा धरून थांबवला आणि अंगणाकडं बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. "समृद्धी!" मी अशी ओरडले की घसा सोलला. उत्तर यायला वेळ लागला. किती लागला ते मला विचारू नका.

"हाय गं, हाय! गोठ्याकडं हाय आमी," सासूबाईंचा आवाज आला.

सर अजून कॅमेऱ्यामागंच होते. त्यांनी 'कट' म्हटलंच नव्हतं. डोळा बाजूला केला तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. "वहिनी! त्या जपानी बाईच्या तोडीचं! असा शॉट आयुष्यात एकदा येतो."

"वरवंटा कुणी काढला?"

"मीच म्हटलं काढा. खरी प्रतिक्रिया हवी होती."

काढा म्हटलं. म्हणजे काढला दुसऱ्यानं. मी बालाजींकडं बघितलं. ते थर्माकोलाआड गेले.

"तुम्ही? पोरीचा बाप तुम्ही!"

"काय झालं का तिला? झालं का काय? उगं तमाशा करू नकोस."

तेवढ्यात सासूबाई समृद्धीला घेऊन आत आल्या. भुईवरचा वरवंटा बघून त्यांना सगळं कळलं. "मास्तर, तुमच्या घरी पाळणा न्हवता व्हय?" म्हणाल्या.

मी सरांना म्हणाले, "पुसा ते."

"वहिनी, हा अभिनय—"

"अभिनय? ती बाई अभिनय करत होती सर. टोपलीत काय आहे ते तिला माहीत होतं. माहीत असून ती रोज नव्यानं तिथं बसली असेल, म्हणून ती मोठी. मला तुम्ही फसवलंत. फसलेल्या बाईचं तोंड आहे ते. पुसा."

"एकदा बघा तरी."

त्यांनी कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढं धरला. मी बघितलं. आणि ते चांगलं होतं. युवक महोत्सवात, आरशापुढं, कधी म्हणजे कधीच मला असं तोंड जमलं नव्हतं. माझी पहिली फिल्म, आणि तिच्यातली मी अशी! मी बघत राहणार, विरघळणार, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्याचाच जास्त राग आला. मी पुसायचं बटण दाबलं. पडद्यानं विचारलं, नक्की? मी पुन्हा दाबलं.

सर उंबऱ्यावरच बसले.

"सर, परत घेऊ की," बालाजी घाईनं म्हणाले. "शांत झाली की करंल ती."

"ती नाही करणार," मी म्हणाले.

सरांनी कॅमेऱ्याची बॅग भरली. त्यांना सोडायला बालाजी गाडी काढून गेले, माझ्याकडं न बघता. सासूबाईंनी भाकरी थापल्या, कालवण उतरवलं आणि विचारलं, "जेवायला त्याच्यासाठी थांबायचं का?"

"नाही," मी म्हणाले. "वाढा."